ग्रुपमध्ये मीच सगळ्यात स्लो, मग चढाच्या हाफला जाऊ की नको?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मैत्रीण ३८ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून पळते, सहा जणांचा ग्रुप आहे. सपाट रस्त्यावरची एक हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरची शर्यत, तिने अडीच तासांत पूर्ण केलीये. आता ग्रुपने मिळून एका डोंगराळ हाफला नाव नोंदवलंय. पहिला अर्धा भाग जवळजवळ सगळा चढ, एकूण चढाई साधारण ४०० मीटर, मग उतार, कटऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायची मुदत, साडेतीन तासांची, आणि हातात दहा आठवडे. प्रॅक्टिसला चढ आला की ती मागे पडते, चालायला लागते, बाकीचे वर पोचून टाळ्या वाजवतात आणि कोणीतरी तिला घ्यायला परत खाली येतं. ग्रुपने जाहीर केलंय की सगळे एकत्र पळणार आणि एकत्रच फिनिश करणार, सपाटीवर दोन तासांच्या आत येणारा मित्रसुद्धा. ती लिहिते, "ते इतके चांगले आहेत म्हणूनच मला जास्त त्रास होतो. माझ्यामुळे सगळ्यांची शर्यत वाया जाणार. शेवटच्या आठवड्यात गुडघा दुखतोय असं सांगून नाव काढून घ्यावं असं वाटतंय. गुडघा दुखत नाहीये. ताई, काय करू?"

अगं, सगळ्यात आधी गुडघ्याचं बोलू. ते कारण सांगू नकोस. तू ज्या लोकांबद्दल लिहिलंयस ते लोक तू गुडघा म्हणालीस की गप्प बसणारे नाहीत, कोणी डॉक्टरचा नंबर देईल, कोणी रोज सकाळी कसं आहे आता विचारेल, कोणीतरी म्हणेल मग मी पण नाही पळत, आणि आज जे ओझं वाटतंय त्याच्या दुप्पट ओझं घेऊन तू घरी बसशील. शिवाय पळणाऱ्या माणसाचं काही ना काही कधीतरी खरंच दुखतं. त्या दिवशी तू "मला थांबायचंय" म्हणालीस की पुढचा काही न विचारता थांबला पाहिजे, आणि तो थांबतो कारण तुझ्या शब्दावर त्याचा भरवसा असतो. एका शर्यतीसाठी तो खर्च करू नकोस.

आता मुख्य गोष्ट. तुझं पत्र मी परत परत वाचलं ते एकच गोष्ट शोधायला, की त्या पाच जणांपैकी कोणी कधी कुरकुर केलीये का. एक वाक्य नाही सापडलं. चढावर मागे पडतेस हे तुझं निरीक्षण आहे, ते खरं असेल, पण "माझ्यामुळे त्यांची शर्यत वाया जाणार" हा निकाल तू एकटीने लावलायस, त्यांना न विचारता. त्यांना शर्यतीतून काय हवंय हे तू गृहीत धरलंस, आणि मग त्या गृहीत धरलेल्या गोष्टीवर आठवडेच्या आठवडे झुरतेयस.

त्या खाली परत येण्याचंच बघ ना. तुला ते उपकार वाटतात. पण जोरात पळणारी बरीच माणसं वर पोचली की तशीही खाली येऊन परत चढतात, त्यालाच हिल रिपीट म्हणतात आणि चढाच्या शर्यतीच्या तयारीत तो नेहमीचा व्यायाम आहे. तुला घ्यायला येणाऱ्याला कदाचित तो चढ दुसऱ्यांदा हवाच असेल, तू फक्त त्याला निमित्त मिळवून दिलंस. कदाचित नसेलही. पण हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

फक्त विचारायचं कसं यात खरी गोम आहे. "मी तुम्हाला ओझं होते का?" असं विचारू नकोस, त्याला कुठलाही भला माणूस "छे, काहीतरीच काय" असंच म्हणणार आणि तुला त्यातून काहीच कळणार नाही. प्रत्येकाला वेगवेगळं गाठ आणि विचार, "तुला या शर्यतीतून काय हवंय?" बस, एवढंच. मग बघ, एकाला वेळ काढायची असेल, एकाला नुसतं डोंगरातून पळायचं असेल, एखादी म्हणेल की मी पण चढाला घाबरलेय पण बोलले नाही. सहा जणांच्या ग्रुपमध्ये धास्ती घेतलेली तू एकटीच असशील असं मला मुळीच वाटत नाही. आणि तो वेगवान मित्र जर म्हणाला की मनातून मला माझी वेळ काढायचीये, तर ते मनाला लावून घेऊ नकोस. तेच खरं उत्तर तुला हवं होतं, आणि त्यालाही ते बोलायला कोणीतरी वाट करून द्यायला हवी होती. "एकत्रच फिनिश" असं सगळ्यांसमोर जाहीर झालं की त्यातून मागे सरायला कोणालाच तोंड उरत नाही, तुलाही नाही आणि त्यालाही नाही.

आता "एकत्र" म्हणजे नक्की काय ते बघू, कारण तुझी घालमेल मला अगदीच बिनबुडाची वाटत नाही. १९२० च्या दशकात ऑटो कोहलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका रोइंग क्लबमधल्या लोकांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याला आणि मग जोडीने, आणि जोडीतला एक थकला की दोघांचंही संपलं अशी अट. तर जोडीतला कमी ताकदीचा माणूस एकट्यापेक्षा जोडीत जास्त वेळ टिकला. पण हा फायदा सगळ्यात जास्त कधी दिसला, तर दोघांच्या ताकदीतला फरक मध्यम होता तेव्हा. फरक फार मोठा असला की तो फायदा घटत गेला. पळणाऱ्यांनाही हे ओळखीचं वाटेल, तुझ्यापेक्षा थोडी पुढे असलेली मैत्रीण तुला खेचून नेते आणि फारच पुढे असलेला माणूस शेजारी असला की अर्ध्या वाटेत मन म्हणतं जाऊ दे. म्हणजे तुझी त्या दोन तासवाल्या मित्राबरोबर खांद्याला खांदा लावून एकवीस किलोमीटर पळायची धास्ती योग्यच आहे, चूक आहे ती फक्त त्यावर काढलेला उपाय, की आपणच बाहेर पडावं.

शिवाय चढावर सगळ्यांनी एका पेसने, म्हणजे किलोमीटरला तेवढीच मिनिटं घेत, जायचं हे शरीराच्या हिशेबातच बसत नाही. इटलीचे संशोधक आल्बेर्तो मिनेत्ती यांनी २००२ मध्ये डोंगरात पळणाऱ्या धावपटूंना वेगवेगळ्या चढ-उतारावर ट्रेडमिलवर पळवून किती ऊर्जा लागते ते मोजलं होतं. त्यांच्या सूत्राने हिशेब केला तर ५ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ५ मीटर वर, तेवढंच अंतर सपाटीपेक्षा साधारण ३० टक्के महाग पडतं. १० टक्के चढावर साधारण ६५ टक्के. आणि १० टक्के उतारावर वाचतात ते ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चढात घालवलेलं उतारात भरून निघतं असं आपण एकमेकांना सांगतो ते अर्धवटच खरं आहे. सपाटीवर तुझ्यात आणि मैत्रिणीत किलोमीटरमागे अर्ध्या मिनिटाचा फरक असेल तर चढावर तो वाढणारच, त्यात तुझं काही बिघडलेलं नाहीये. आणि तू त्यांना गाठायचं म्हणून सुरुवातीच्या तीन-चार किलोमीटरला त्यांच्या पेसने चढलीस तर तिथेच दम संपतो आणि उरलेली शर्यत फरफटत जाते.

मग पर्याय काय काय आहेत. एक, ठरलंय तसंच सगळे सतत एकत्र. यात तुझ्यावर दडपण, आणि वेगवान माणसाचे उतारावर हाल, कारण तुझ्या पेसला राहायला त्याला सारखं ब्रेक लावत उतरावं लागेल आणि त्याने मांड्यांची वाट लागते. दोन, चढाच्या माथ्यावर थांबून सगळ्यांनी एकत्र व्हायचं. हे ऐकायला छान वाटतं आणि प्रॅक्टिसला ठीकच आहे, पण शर्यतीत घामाने भिजलेल्या अंगाने वर वाऱ्यात दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलं की पाय आखडतात आणि मग लगेच उतार, त्यामुळे मला तो पर्याय पटत नाही. तीन, प्रत्येकाने आपापलं पळायचं आणि फिनिशला भेटायचं, ज्यांना एकटं पळायला आवडतं त्यांच्यासाठी उत्तम. आणि चार, जोड्या. सहा जण आहात, पेस आणि इच्छा बघून दोन-दोनच्या तीन जोड्या करा, किंवा तुमच्या बोलण्यातून जे निघेल ते, एकटा-दोन-तीन असंही चालेल. मी तुझ्या जागी असते तर चौथा निवडला असता, आणि जोडीदार म्हणून सगळ्यात वेगवान माणूस न घेता जिला खरंच वेळेची पडलेली नाहीये आणि जी तुझ्यापेक्षा थोडीशीच पुढे आहे अशी मैत्रीण घेतली असती. बाकीचे फिनिश करून शेवटच्या किलोमीटरला उलटे चालत येऊन तुम्हाला भेटू शकतात, रस्त्याच्या कडेने, इतरांच्या वाटेत न येता, आयोजकांची हरकत नसेल तर. एकत्र फिनिशची हौस अशीही भागते.

जोडीदाराला एक गोष्ट आधीच सांगून ठेव, कारण बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही. चढावर सोबत करणाऱ्याने अर्धं पाऊल पुढे राहायचं नाही. अगदी बरोबरीने, खांद्याला खांदा. अर्धं पाऊल पुढे असलेला माणूस नकळत खेचतो, त्याच्या चपळ टाचा सारख्या डोळ्यांसमोर येतात, आपण ते अर्धं पाऊल भरून काढायला जातो, की तो सवयीने परत अर्धं पाऊल पुढे, आणि दोघांच्याही लक्षात न येता पेस वाढत वाढत जातो आणि आपली धाप लागते. त्याला वाटतं मी सोबत करतोय, आणि इकडे आपला जीव जातोय. चढावर मोजमाप घड्याळातल्या पेसवर न ठेवता बोलण्यावर ठेवा, दोघींना एकेक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द यायला लागले की हळू व्हा, मग पेस कितीही दिसू दे.

आणि चालण्याची लाज सोड बाई. डोंगरातल्या शर्यतीत खड्या चढावर भले भले चालतात. फक्त दम पूर्ण तुटल्यावर चालू नकोस, त्याच्या आधीच ठरवून चाल. चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट भरभर चालणं असं घड्याळावर लाव, किंवा त्या वळणापर्यंत पळू, त्या झाडापर्यंत चालू असं. चालताना हात जोरात हलव, पावलं छोटी ठेव, नजर पाच-सात मीटर पुढे, माथ्याकडे नको. नाइलाजाने चालणारा माणूस खांदे पाडून रेंगाळतो आणि ठरवून चालणारा पुढच्या पळण्यासाठी श्वास परत मिळवत असतो, आणि किलोमीटरच्या शेवटी दोघांच्या वेळेत चांगलाच फरक पडलेला असतो.

वेळेचं सांगते, कारण कटऑफची भीती पण तुझ्या पत्रात कुठेतरी डोकावतेय. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक ढोबळ नियम दिला होता, त्याचा अर्थ असा निघतो की वर चढलेलं प्रत्येक मीटर सपाटीवरच्या साधारण ८ मीटरइतका वेळ खातं. तुझी ४०० मीटर चढाई म्हणजे ३.२ किलोमीटर जास्तीचे. तुझा सपाटीचा पेस किलोमीटरला सात मिनिटांच्या थोडा वर, म्हणजे साधारण २३ मिनिटं वाढली, अडीच तासांचे झाले दोन तास त्रेपन्न मिनिटं. ऊन, गर्दी, पाण्याचे थांबे धरून तीन तास समज, तीन दहा समज. तरी साडेतीनच्या आत आहेस. आणि सपाटीच्या अडीच तासांशी या वेळेची तुलना करूच नकोस, दोन्हीकडे अंतर २१.०९७५ किलोमीटरच असलं तरी काम वेगळं आहे.

दहा आठवडे चांगले आहेत, पण ते सगळे चढाला देऊन टाकू नकोस. चढाचा धसका सगळेच घेतात, पाय मोडतात ते उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून आपल्याला अडवत असतात, त्यात त्यांना बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांत चांगलंच वर येतं. पण यातली चांगली गोष्ट अशी की एकदा असा मार बसला की पुढच्या वेळी तोच उतार बराच कमी दुखतो, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदा चढ, आणि दोन आठवड्यांतून एकदा तरी मुद्दाम उताराची प्रॅक्टिस, सुरुवातीला अगदी थोडी, एक-दोन किलोमीटर, आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी करून मोकळी हो, नंतर नको. उतरताना मागे रेलायचं नाही, पावलं छोटी आणि पटापट, टाच लांब पुढे टाकून आपटायची नाही. घरी पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरायचा व्यायाम आणि पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, आठवड्यातून दोनदा. लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, हळूहळू १७-१८ किलोमीटरपर्यंत नेलास तरी पुरे, त्यातले शेवटचे दोन किलोमीटर चढ-उतारावर कर, आणि शेवटचे दोन आठवडे पळणं कमी कर. जवळ चढच नसेल तर जिना किंवा ट्रेडमिलचा इन्क्लाइन चालतो, पण साध्या ट्रेडमिलवर उतार मिळत नाही हे लक्षात ठेव, त्यासाठी कुठेतरी जावंच लागेल, आणि ते ग्रुपने मिळून गेलात तर मजाही येते.

शर्यतीच्या दिवसाचं आधीच बोलून ठेवा. कोणी मध्येच थांबलं तर जोडीदार थांबणार की पुढे जाणार, फिनिशनंतर कुठे भेटायचं, फोन कोणाकडे असेल. पाणी तहानेप्रमाणे प्या, भीतीपोटी प्रत्येक स्टॉलला ढोसू नका, तीन तास पळणाऱ्यांमध्ये जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम खाली जाण्याचा धोका खरा आहे. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलणं बरळायला लागलं तर तिथल्या तिथे थांबायचं आणि मदत बोलवायची, यात जोडीदाराने समोरच्याचं "नाही नाही, ठीक आहे मी" ऐकायचं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी जे ग्रुपमधले वेगवान आहात त्यांनाही दोन शब्द, कारण तुम्ही मनापासून करता हे दिसतं. "आम्ही सगळे तुझ्यासाठी थांबणार" हे सगळ्यांसमोर जाहीर करू नका. ज्याच्यासाठी थांबणार त्याच्या कानावर ते प्रेमापेक्षा हिशेबासारखं पडतं. एकट्याला बाजूला घेऊन विचारा, तुला सोबत हवी का आणि कशी हवी. चढावर "आलंच, आता थोडंच राहिलं" असं खोटं सांगू नका, अजून आठशे मीटर आहेत तर आठशे मीटर सांगा, माणूस त्याप्रमाणे दम वाटून घेतो. आणि माथ्यावर टाळ्या वाजवायच्या असतील तर आधी पोचलेल्या प्रत्येकासाठी वाजवा, फक्त शेवटच्यासाठी नको. टाळ्या नेमक्या आपल्याच वेळी का सुरू झाल्या हे शेवटच्याला बरोबर कळतं.

एक प्रश्न उरतो आणि तो मी तुलाच विचारते. समजा त्या दिवशी तिथे तुझ्या ओळखीचं कोणीच नाही, किती वेळात आलीस हे कोणालाच कळणार नाही. तरी तुला हा डोंगर पळावासा वाटेल का? वाटत असेल तर तुझं भांडण शर्यतीशी नाहीये, फक्त त्या "एकत्र"च्या व्याख्येशी आहे आणि ते एका संध्याकाळच्या बोलण्यात सुटेल. आणि उत्तर नाही असं आलं, चढ तुला मनापासून नकोच असेल, तर नाव काढून घेण्यात काही गैर नाही, पण मग सरळ सांग की ही शर्यत मला नकोय, पुढची सपाटीची आपण करू. त्या दिवशी पाण्याच्या स्टॉलवर उभी राहा त्यांच्यासाठी, तेही सोबतच करणं आहे. तुझ्या पत्रात "चढ संपल्यावर वरून जे दिसतं ते बघून सगळं विसरायला होतं" असं एक वाक्य तू मध्येच लिहून गेलीयेस, म्हणून माझा अंदाज पहिल्या उत्तराकडे आहे, तरी ठरवायचं तूच.

येत्या लाँग रनच्या आधी त्या वेगवान मित्राशी बोल, सगळ्यात आधी त्याच्याशीच, कारण तुझी सगळ्यात जास्त घालमेल त्याच्यावरून आहे आणि ते एक मोकळं झालं की बाकीच्या चौघांशी बोलणं सोपं जाईल. जोड्या ठरल्या की पुढचे आठवडे प्रॅक्टिससुद्धा त्याच जोडीने करा, चालायची मिनिटं, चढावरचा श्वास, उतारावरचं अंतर सगळं तिथेच जुळवून घ्या, शर्यतीच्या सकाळी नवीन काही ठरवू नका. आणि शर्यतीनंतर दोन-तीन दिवस जिना उतरताना मांड्या ओरडतील, त्याला घाबरू नकोस, दोन्ही पायांत सारखं दुखत असेल तर ते उताराचं आहे, हळूहळू चालत राहा. पण एकाच पायात, एकाच ठिकाणी टोचत असेल आणि चालताना वाढत असेल तर पळणं बंद, दाखवून घे, आणि तेव्हा ग्रुपला लगेच सांग.